कट्ट्याचे नऊ इंच

कोल्हापूर, रविवार, दुपारची झोप मोडून

तीर्थस्वरूप नागाप्पामामा आणि शांतादेवीमामी यांना भाचा गुरुप्रसादचा शरणु शरणार्थ.

बेळगावला मुलाकडं राहायला गेल्यापासून मामांचा दमा पळाला आणि वजन वाढलं असं कळलं, फार बरं वाटलं. मामींचे गुडघे काय म्हणतात? इकडं सगळे खुशाल. फक्त माझी मान डावीकडं वळत नाही आणि सम्राटचा पाय मुरगळलाय. (सम्राट म्हणजे आपल्या गल्लीतला विमा एजंट. त्यानं स्वतःच्या पायाचा विमा काढला नव्हता, हे आत्ता उघडकीस आलं.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही प्रत्येक वाक्याला ‘आँ?’ म्हणता. शिवाय मला तुमच्याकडून एक गोष्ट सहीनिशी पाहिजे. ती शेवटी सांगतो. आधी शेवट वाचू नका, तुम्हाला ती खोड आहे.

तर मामा, परदेशातली एक कंपनी नवी गाडी काढणार आहे. दोन दारांची, लांब नाकाची, बुटकी. अशा गाडीला ग्रँड टूरर म्हणतात. म्हणजे भरपेट जेवलेल्या माणसानं तीत बसावं, तीनशे मैल उडवावेत आणि पँटचं बटण सैल न करता दुसऱ्या गावी पुन्हा जेवायला उतरावं. कंपनीनं अजून गाडी दाखवलेली नाही, फक्त एक फोटो सोडलाय. सगळा काळा, मधून पाठीच्या कण्यासारखी एक पांढरी रेघ, आणि खाली पुढच्या वर्षाचं साल. तो फोटो मी मोठा करून, चौकटीत घालून माझ्या भांड्यांच्या दुकानात बसवण्णांच्या तसबिरीशेजारी लावला. परवा एक बाई कुकर घ्यायला आल्या, फोटोकडं बघून हळहळल्या आणि म्हणाल्या, “कवा गेलं वो?”

रोज संध्याकाळी सातनंतर आम्ही चौघं त्या फोटोखाली बसतो. सम्राट म्हणतो बारा सिलिंडर येणार. जोतीराम (त्याचं उद्यमनगरात वेल्डिंगचं शेड आहे, तुमच्या गच्चीचा जिना त्यानंच केलेला, जो हलतो) म्हणतो आठ. पिराजीअण्णा एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं एकच, “गिअर हातानं टाकायला मिळाला न्हाय तर ती गाडी कसली, पाळणा हाय की त्यो!” गाडी बॅटरीवर निघाली तर काय, यावरून एकदा जोतीराम आणि सम्राट आठवडाभर बोलत नव्हते. पहिली फेरी मात्र एकमतानं ठरलीय. सकाळी निघायचं, मलकापूरला चहा, मग आंबा घाट उतरून रत्नागिरी. घेणार कोण, असला हलका प्रश्न आमच्यात कुणी काढत नाही.

तो शांभवीनं काढला. (तुमची भाचेसून लाखात एक आहे, पण तिला वेळ बघून बोलता येत नाही.) त्या कुकरवाल्या बाईंनी शेजारीपाजारी जाऊन आमच्याकडं कोण वारलं याची चौकशी केली, आणि चार बायका भेटायला आल्या. त्या गेल्यावर शांभवी मला म्हणाली, “आपल्या गल्लीत ती गाडी वळून दारात येती का, ते आधी दावा. आली तर फोटू ऱ्हाईल. न्हाय आली तर फोटू उतरवायचा आणि पुन्यांदा ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाय.” मामा, मी हसलो, पण आतून चरकलो. मुलं पुण्याला गेली, गिऱ्हाईकं मॉलला गेली. संध्याकाळी सात वाजायची वाट बघावी असं माझ्या दिवसात त्या फोटोशिवाय दुसरं काही नाही. हे तुम्हाला म्हणून सांगतो.

मग जोतीरामनं उपाय काढला. सम्राटनं त्याच कंपनीच्या जुन्या मॉडेलची मापं आणली आणि त्या मापाची चौकट जोतीरामनं लोखंडी पाइपांत बनवली. सोळा फूट लांब, साडेसहा फूट रुंद, सव्वाचार फूट उंच. आकार डोळ्यांत भरावा म्हणून वरून आणि चारी बाजूंनी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मारली. दारं दोनच, पण खऱ्या गाडीसारखी लांबलचक, बाहेर उघडणारी. पुढं पिराजीअण्णा आणि जोतीराम, मागं मी आणि सम्राट, असे चौघं आत शिरलो आणि कंबरेत वाकून, जमिनीपासून पाच इंच उचलून ती गाडी आम्ही चालवत निघालो. पिराजीअण्णांच्या हातात स्टिअरिंग म्हणून माझ्या दुकानातलं मोठ्या पातेल्याचं झाकण. कोपऱ्यावर त्यांनी सवयीनं गाडी थांबवली आणि माणसं उतरायची वाट बघितली. एक मोटारसायकलवाला जाळीत डोकावून म्हणाला, “काय पावणं, कोंबडी कशी किलो?”

स्पीडब्रेकर आम्ही गाडी तिरकी घेऊन पार केला. पुढं वळणावर, तुमच्या बंद घराच्या दारात, शेजारच्या अंबूबाई आडव्या आल्या. नवीन गाडी पूजेशिवाय गल्लीत कशी आणता म्हणून त्यांनी जाळीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि लिंबू चाकाखाली ठेवायला खाली वाकल्या. चाक कुठलं? त्यांनी ते सम्राटच्या पायाखाली ठेवलं. पिराजीअण्णांनी “चला!” म्हटलं आणि सम्राट घसरला. तो मला घेऊन पडला, आम्ही दोघं गाडीला घेऊन कलंडलो, आणि गाडी तुमचा कट्टा आणि समोरचा विजेचा खांब यांच्यामध्ये अशी गच्च बसली की जोतीरामला स्वतःच्या वेल्डिंगचा अभिमान वाटला. डावं दार उघडायला गेलो तर कट्टा, उजवं उघडायला गेलो तर खांब, खालून निघावं तर पाइप जमिनीला टेकलेले. आणि अशा गाडीत पुढचे उतरल्याशिवाय मागच्यांना उतरता येत नाही, हे मी आता अनुभवानं सांगू शकतो.

सव्वा तास आम्ही आत होतो. गल्ली बघायला लोटली. कुणी फोटो काढले, कुणी जाळीतून शेंगदाणे टाकले. शेवटी शांभवी पक्कड घेऊन आली. जाळी तोडायच्या आधी तिनं एवढंच विचारलं, “मग? उतरवायचा न्हवं फोटू?” मी आतून सांगितलं की गाडी अडलेली नाही, मामांचा कट्टा अडलाय, गाडीचा काही दोष नाही. तिनं पक्कड जाळीत अडकवली. मग म्हणाली, “मामांची लेखी परवानगी आणा, तवर ऱ्हाऊ दे.” आणि तिनं जाळी तोडली.

मामींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. औषध वेळेवर घ्या.

तुमचा,
गुरुप्रसाद

ता. क. : विषय तुमच्या ध्यानात आलाच असेल. कट्ट्याचा कोपऱ्याकडचा भाग फक्त नऊ इंच काढायचा आहे. तुम्ही बसायचा ती जागा तशीच राहील, तांब्या ठेवायची तेवढी जाईल. ‘परवानगी आहे’ एवढं लिहून सही करा. जोतीराम छिन्नी-हातोडा घेऊन तयार आहे.

ता. क. दुसरा : सम्राट आत्ताच लंगडत येऊन सांगून गेला की नवी गाडी जुनीपेक्षा चार इंच रुंद असणार म्हणे. तरी नऊच्या जागी तेरा वाचावे.

*

मामांना शांभवीचा शरणु शरणार्थ. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलंय, म्हणून पाकीट चिकटवायच्या आधी मी चार ओळी लिहिते. तुमच्या कोपऱ्यावर गॅसचा टेम्पोसुद्धा वळत नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ती अट घातली होती. वाटलं, एकदाचं खूळ जाईल. पण सगळी गल्ली हसत होती, आणि हे जाळीच्या आतून मला सांगत होते की घाट उतरताना कोकण तुझ्याच बाजूच्या खिडकीतून दिसेल. मग फोटो उतरवा म्हणायला माझी जीभ उचलेना.

तेव्हा मामा, परवानगी देऊ नका, हे चौघं त्याच दिवशी कट्टा फोडतील. पण नाहीही म्हणू नका, यांना आठ दिवस जेवण जाणार नाही. फक्त ‘विचार करून कळवतो’ एवढं लिहा. चष्म्याची काडी बदलायला तुम्ही दोन वर्षं विचार केला होता, तसाच सावकाश करा.

ती चौकट आता आमच्या परसात आहे. काल दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा डाव्या बाजूला पाट टाकून बसून बघितलं. पाय ऐसपैस पसरता येतात.