रिकाम्या गाडीची हवा

ब्लॅक मेसा,
४ मार्च १९९३

चि. लिअँडर यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी बोलते आहे, पोस्टातली युनिस लिहिते आहे. टोमणे गाळू नकोस, असं तिला बजावलंय.

तुझ्या ट्रकला नवे थोराड टायर बसवलेले पाहिले. कोकरू बैलाचे पाय लावून आल्यासारखं दिसतं. दुकानापर्यंत नेलंस तेवढ्यात माझे उरलेसुरले दात एकमेकांना भेटून आले. वर्नेल म्हणाली म्हणे, तान्हीला घेऊन या गाडीत बसणार नाही. तुझी बायको शहाणी आहे. पण पोर आता कधीही पहिल्यांदा हसेल, आणि आपल्या रीतीनं जो हसवेल त्यानं मेंढी कापून तिच्या हातून सगळ्यांना मीठ द्यायचं. मी मेंढी राखून ठेवली आहे. तिकडे शहरात एखाद्या विमावाल्याला बघून हसली तर तो काय वाढणार?

एक विचारायचं होतं. तू गेल्यावर वाळूत बघितलं. जुन्या टायरची खूण पसरट असायची. नव्याची मधे खोल, कडांना पुसट. असं का रे?

लोभ आहेच, तो गाडीसारखा उधळू नये.

आजी (अंगठा)

फ्लॅगस्टाफ,
१३ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

टायरच्या बाजूवर ऐंशीचा आकडा होता, तेवढी हवा मी भरली होती. माझ्यासोबत काम करणारा रोलंड हसला. म्हणाला, ती सोसायची हद्द आहे, रोजचं जेवण नव्हे. गाडीच्या दारावरच्या पट्टीत कंपनीनं छापलेला हवेचा आकडा जुन्या टायरांचा. म्हणजे माझा आकडा कुणीच लिहिलेला नाही, शोधावाच लागणार.

टायरवर आडवी खडूची रेघ ओढली, गाडी सरळ थोडी चालवली. रेघ फक्त मधे पुसली. हवा सोडली, पुन्हा रेघ. करता करता ती या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसली गेली. वर्नेलनं शेजारी बसून कॉफी प्यायली, सांडली नाही. तरी म्हणते, आधी एकटा आजीकडे जाऊन ये. शनिवारी येतो.

बाळ अजून हसलेलं नाही. माया असू दे.

तुझा लिअँडर

ब्लॅक मेसा,
२३ मार्च

चि. लिअँडर यास आशीर्वाद.

आलास तेव्हा गाडी मऊ होती, खरं. पण विहिरीवरून माझी पाण्याची टाकी ट्रकवर भरून आणलीस, तेव्हा मागचे टायर जेवून उठलेल्या सासऱ्यासारखे बसले. हात लावला तर चटका. वाळूत बघते तर खूण उलटी: कडा खोल, मधे काही नाही. रेघ रिकाम्या गाडीवर ओढलीस ना? अरे, आपल्याकडे रिकामी गाडी चालवतं कोण? पाण्याशिवाय घरी आलेल्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही.

मीही तुझ्या मामाच्या गाडीवर करून पाहिलं. खडू नव्हता, मक्याच्या पिठाची रेघ ओढली. शेळीनं चाटली. तू टाकी भरून बघ, आणि मागच्यांना जास्त दे. पुढच्यांच्या पाठीवर कुठे पाणी आहे?

पोरीसमोर कुणाला विनोद करू देऊ नकोस. तूही करू नकोस, तसा तुझा धोका कमी आहे.

आजी (अंगठा)

फ्लॅगस्टाफ,
१ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

ट्रकवर पाण्याची टाकी ठेवून भरली. पुढची हवा तीच ठेवली, मागची वाढवत गेलो, तेव्हा मागची रेघही सारखी पुसली. मग वर्नेल बाळाला घेऊन आपणहून बसली. गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर आडव्या सरी आहेत ना, तिथं गाडी हलकेच डुलली आणि बाळ हसलं. चांगलं खळखळून.

मी गाडी थांबवली. आनंद झाला, पण लगेच तुझी मेंढी आठवली. तू नव्हतीस. वर्नेल विचारते, हसवलं कुणी? मी तर नुसतं स्टिअरिंग धरलं होतं. मेंढी आता ट्रक कापणार का?

आजी, रागावू नकोस.

लिअँडर

ब्लॅक मेसा,
७ एप्रिल

चि. लिअँडर यास आशीर्वाद.

युनिसकडून पत्र दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा हिशेब कळला. पाणी भरून बघ, मागे जास्त दे, हे कुणी सांगितलं? मग हसवलं मीच, इथं बसून. मेंढी माझी, मीठ माझं. मामाला वाद घालायचा असेल तर त्यानं आधी स्वतःच्या पोरांना हसवून दाखवावं.

शनिवारी तिघं या. टाकी भरून आण, माणसं पुष्कळ येतील. आणि शेवटच्या चढाला थांब, मी खाली येते. तिथून घरापर्यंत सगळा रस्ता सरींचा आहे. पोरीशेजारी मी बसेन.

आजी (अंगठा)