अर्धी तिच्या गाडीत, अर्धी माझ्या

८ जानेवारी, गुरुवार

सगळं बदललं ते आज दुपारी सव्वाबाराला. ज्ञानेश्वरी गाडी ढकलत गॅरेजमध्ये आली. हेल्मेट घातलेलंच. काढलं तेव्हा कळलं कोण ते.

"तू? इथं?"

"मग कुठं असणार?" — दीड वर्षानं भेटलेल्या मुलीशी असं बोलतात? बोललो.

कॉलेज का सोडलं ते तिनं विचारलं नाही. प्रॅक्टिकलला मी सरांच्या टेबलावर स्टूल आपटलं तेव्हा ती दुसऱ्या बाकावर होती. म्हणजे माहीतच आहे.

आता पोलीस भरतीची तयारी करते. करंजीहून घाट चढून आठवड्यातून तीनदा भिंगारला अकॅडमीत येते, वडिलांच्या गाडीवर. गाडी सोळा वर्षांची, शंभर सीसी. सकाळी चालू होत नाही, झाली तर फडफडते. मालक फैयाजचाचांनी कार्बोरेटर उघडला. खालच्या वाटीत पांढरी पूड. "आताचं पेट्रोल पानी धरतं बेटी. गाडी चार दिस उभी ऱ्हायली की हे असं." साफ करून बसवला. मी टाकीत क्लीनरची छोटी बाटली ओतली. चाचा बघत होते. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटलीला त्यांची हरकत नसते.

एका किकमध्ये चालू!

९ जानेवारी

शुक्रवार. गॅरेज बंद. खोलीवर पडून होतो. हेल्मेट काढताना तिची वेणी पट्ट्यात अडकली होती. तेवढंच दिवसभर.

१२ जानेवारी

आली होती. काम नव्हतं. "तुझं ते औषध लय भारी निघालं" एवढं सांगायला आली. मी मान डोलावली आणि हातातल्या प्लगकडं बघत बसलो.

ती गेल्यावर चाचा म्हणाले, "औषध आजाऱ्याला द्यावं. बऱ्या मानसाला दिलं तर तो आजारी पडतो." नेहमीचं वाक्य. इंजिनच्या तेलात कुठलीही बाटली ओतायला त्यांची सक्त मनाई. "कंपनीनं सांगितलेलं तेल टाक, टायमाला बदल, बास." चाळीस वर्षं गॅरेज चालवतात, एवढंच बोलतात.

संध्याकाळी राधाकृष्ण येऊन गेला — स्कूटरला थैली लावून बाटल्या विकतो तो. निळी नवीन आहे. इंजिनच्या तेलात टाकायची. "वाल्मिकशेठ, इंजिन लोण्यावानी फिरतं, आवाज निम्मा!" एक घेतली. चाचा तेव्हा चहाला गेले होते.

१५ जानेवारी

तिच्या गाडीचं तेल बदललं. मैदानी चाचणी २९ तारखेला, नगरला. सकाळी सहाला गेटवर हजर पाहिजे. आठशे मीटर धावणं, शंभर मीटर, गोळाफेक. गेल्या वेळी दोन मार्कांनी गेली होती. वडील म्हणालेत, यंदा शेवटचं. यंदा नाही झालं तर स्थळं बघणार.

स्थळं! हे ती साधं सांगते. पाऊस येईल म्हणावं तसं.

चाचा नमाजाला गेले. तेल मीच भरलं. निळी बाटली काढली आणि निम्मी तिच्या इंजिनात ओतली. तिला सांगितलं नाही. सांगून करायला ते काय पंक्चर आहे? आठवड्यातून तीनदा घाट चढते. गाडी हलकी चालावी. उरलेली निम्मी माझ्या गाडीत. एका बाटलीतलं दोघांत — बरं वाटलं. असलं काही लिहू नये खरं तर.

चाचांनी आल्यावर क्लचची केबल थोडी घट्ट केली, ब्रेक बघितले, गाडी दिली.

जाताना तिनं तिळगूळ दिला. गोड बोल म्हणाली. हाताला ग्रीस होतं. खिशात ठेवला.

२१ जानेवारी

"गाडी एकदम मऊ चालते रे आता. काय केलंस?" — मेसेज.  हसणारा चेहरा पाठवला.

२९ जानेवारी

मारामारी व्हायची राहिली.

साडेनऊला दुधाच्या टेम्पोतून गाडी आली. सोबत ती, आणि तिचे वडील. सहादेवकाका — नाव आज कळलं. पहाटे दोघं निघाले. अर्ध्या घाटात गाडीनं ओढायचं सोडलं. इंजिन बोंबलतंय, गाडी जागेवर. पहिला गिअर टाकला तरी तेच. ढकलली. मग टेम्पोवाल्यानं घेतलं. गेटवर पोचले तेव्हा सहा वीस. गेट बंद. आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या म्हणाली. ट्रॅकसूट घातलेला, छातीला नंबर लावायच्या पिना तशाच लावलेल्या.

काका ओरडत होते. "आमी पंधरा दिसाखाली तेल बदलून, ब्रेक बघून नेली गाडी! पोरीचं वरीस गेलं! काय केलं तुमी?"

मी क्लचचा दांडा दाबून बघितला. ताठ. अजिबात ढील नाही. केबल एवढी ताणली की क्लच पूर्ण बसत नाही आणि गाडी ओढत नाही — पुस्तकातलं आहे. डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "केबल चाचांनी ताणून बसवली. मी बघितलंय. यांना आता अंदाज येत नाही हाताचा."

बघितलं होतं? नीट आठवत नाही. बोललो.

चाचा खाली बसले, नट सोडला, तेल तसराळ्यात काढलं. दोन बोटांवर घेऊन चोळलं. वास घेतला. खूप वेळ. मग बोटं फडक्याला पुसली आणि काकांना म्हणाले, "माझ्याकडनंच झालं असंल. क्लचच्या प्लेटा जळल्यात. नव्या टाकून देतो. पैशे नको."

तिनं माझ्याकडं बघितलं. कॉलेजात कधी बघितलं नव्हतं तसं.

३० जानेवारी

शुक्रवार असून चाचांनी बोलावलं. भरतीच्या ऑफिसात कुणीतरी तिला सांगितलं — अर्ज द्या, कारणाचा कागद जोडा, दुसरी तारीख मिळाली तर मिळाली. कागद म्हणजे गॅरेजचं पत्र. चाचांना मराठी लिहिता येत नाही, सही येते. म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं हाय. लिही."

लिहिलं. 'सदर गाडी माझ्या गॅरेजमध्ये दुरुस्त केली असता माझ्या हातून क्लचची केबल चुकीची बसवली गेल्याने दि. २९ रोजी घाटात गाडी बंद पडली. यात उमेदवाराची काही चूक नाही.'

सही, शिक्का. अक्षर खरंच चांगलं आलं.

२ फेब्रुवारी

करंजी-तिसगाव रस्त्यावरची गिऱ्हाइकं कमी झाली. सहादेवकाका दूध संघाच्या सेंटरवर असतात, तिथं रोज शंभर माणूस. आज एक जण गाडीवरून न उतरताच म्हणाला, "चाचा, चष्मा बदला की आता!" आणि हसत पुढच्या गॅरेजला गेला. चाचा पण हसले.

मला वाईट वाटलं का? थोडं. पण खरं ते खरं.

रात्री तिचा फोन. पहिला. "सगळ्यांच्या समोर आपल्या मालकाला बोलायला धाडस लागतं. तू खरं बोललास." अर्धा तास बोलली.

५ फेब्रुवारी

तारीख मिळाली! १२ फेब्रुवारी. पत्र चाललं.

ती म्हणते, "त्या गाडीवर आणि त्या गॅरेजवर माझा भरवसा नाही." "तू नेशील का तुझ्या गाडीवर? पप्पांना विचारलंय मी." पप्पा हो म्हणाले. करंजीत मुक्काम करायचा, पहाटे निघायचं.

८ फेब्रुवारी, रविवार

गाडी तपासायची म्हणून दुपारी चांदबीबी महालाकडं काढली. भिंगारमध्ये सपाटीवरच चालते माझी, खोली ते गॅरेज. चढावर नेऊन पाहावं म्हटलं. मागे वजन हवं म्हणून खोलीशेजारच्या ओमला बसवलं.

दुसऱ्या वळणावर इंजिन बोंबललं. गाडी जागेवर. पहिला टाकला. तेच.

ओम म्हणाला, "वाल्मिकदादा, उतरू का?"

उतर म्हणालो. क्लचचा दांडा बघितला. ढील बरोबर. केबलला चार महिन्यांत कुणी हात लावलेला नाही. चाचांनी तर नाहीच.

तिथं कठड्यावर बसलो. पर्यटक फोटो काढत होते.

खोलीवर येऊन निळी बाटली शोधली. रिकामी, कॉटखाली. पुढं मोटारीचं चित्र — ते तेव्हाही दिसलं होतं. मागं राधाकृष्णनं लावलेलं किमतीचं लेबल. नखानं खरवडलं. खाली बारीक इंग्रजी. ज्या दुचाकींचा क्लच तेलात असतो त्यांत वापरू नये.

मोटारीत क्लच बाहेर, कोरडा. आपल्या गाड्यांत त्याच्या प्लेटा इंजिनच्याच तेलात बुडालेल्या. तेल जास्तच निसरडं केलं तर प्लेटा एकमेकींना धरणार कशा? पहिल्या वर्षाला होतं हे. मी आकृती काढली होती. दहापैकी नऊ.

९ फेब्रुवारी

चाचांना बाटली दाखवली. त्यांनी वाचली पण नाही.

"तेल काढलं तवाच वास आला हुता बेटा. आपल्या तेलाचा न्हवता."

"केबल?"

"प्लेटा घसरत्यात म्हणून पोरीनं रस्त्यात सोताच आवळली असंल. मी दिली तवा ढील हुती."

"मग बोलला का नाही?"

चाचा स्पॅनर पुसत होते. "तू त्या पोरीसमोर उभा हुतास. तुझं तोंड उतरवून मला काय मिळनार हुतं?"

"मी तुम्हाला बोललो सगळ्यांसमोर!"

"व्हय. लई जोरात बोललास." आणि हसले. "वाटलं, आठ दिसांत कळंल तुला. पंधरा लागले न्हाईत, बरं हाय."

मला त्यांच्यावर राग आला. कशाचा ते सांगता येत नाही. मारलं असतं तर चाललं असतं.

"आधी तुझी गाडी धू," म्हणाले. "पोरीला न्यायचं हाय."

१० फेब्रुवारी

तेल काढलं. स्वस्त तेल भरून इंजिन फिरवलं, तेही काढलं. प्लेटा नव्या, बसवायच्या आधी साध्या तेलात बुडवून ठेवल्या. चाचा बाजूला स्टुलावर बसून होते, एक हात लावला नाही. शेवटी म्हणाले, "आता चढव कुठं चढवायची ती." ओमला घेऊन महालावर गेलो. एका दमात वर.

तिला सांगायचं. पण परवा तिचं मैदान आहे. डोक्यात भलतं घेऊन कशी धावेल? धावल्यावर सांगू.

हे कारण चांगलं आहे. जरा जास्तच चांगलं आहे.

१२ फेब्रुवारी

पोचलो पाच चाळीसला. घाटात थंडी मरणाची. तिनं माझ्या जॅकेटचा मागचा भाग मुठीत धरला होता. पाठीला कळत होतं.

आठशे मीटर दोन मिनिटं सत्तेचाळीस सेकंद! बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे. "तुझ्यामुळे," म्हणाली.

आता सांगावं. चहा सांगितला. चहा झाला. आता सांगावं. तिच्या वडिलांचा फोन आला — रविवारी वाल्मिकला जेवायला आण.

नाही सांगितलं.

१४ फेब्रुवारी

गॅरेजमध्ये दिवसभरात तीन गाड्या. एरवी पंधरा असतात. चाचा दुपारी स्टुलावर झोपले. असे कधी झोपत नाहीत.

पत्राची झेरॉक्स कपाटात आहे. काढून बघितली. खाली त्यांची सही, तिरकी. वरचं सगळं माझ्या अक्षरात.

१५ फेब्रुवारी, रविवार

करंजीला गेलो. ताट वाढलेलं होतं. बसण्याआधी बाटली ताटाशेजारी ठेवली आणि उभ्यानं सगळं सांगितलं. दोन मिनिटं पण लागली नाहीत.

काका म्हणाले, "म्हंजी आमी त्या म्हाताऱ्याला सेंटरवर रोज…" 

ती म्हणाली, "चाचांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुला?"

"आठ तारखेपासून."

तिनं मोजलं. ओठ हलले. "म्हणजे बारा तारखेला घाटात माहीत होतं."

हो म्हणालो.

ती माझ्याकडं बघत नव्हती. मोबाईल काढून म्हणाली, "चाचांचा नंबर सांग."

सांगितला. दहाही आकडे. रिंग वाजायला लागली. मी बाहेर आलो, चपला घातल्या आणि दार मीच लावून घेतलं.