वि.साठी हवेशीर खोली

१० फेब्रुवारी
वि.ला लूमवरच कापड विणताना चक्कर आली. (तोंडावर 'अहो', इथे वि.) छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं झालं म्हणे. मी घरी साडीला खडे लावत होते, बोटांना गोंद तसाच, पळत दवाखान्यात. बघते तर हा हसतोय. "काही नाही गं, गॅस आहे."
गॅस! सासऱ्यांनाही गॅसच होता. चाळिशी बघितली नाही त्यांनी. समोरच्या घरातल्या संतोषलाही गॅसच. वि.हून लहान होता तो.

११ फेब्रु.
बीपी खूप. आजचं नाही, जुनं. हृदयाची भिंत जाड झालीय. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. तंबाखू? नाही. दारू? नाही. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "नवागामच्या तुमच्या भागातून अशी तरुण पोरं फार येतात हो." मग चिठ्ठी लिहायला लागल्या.
गोळ्या कायमच्या. मीठ कमी. सकाळी चालायचं. आणि झोप. "झोप नीट होते ना?"
आम्ही एकमेकांकडे बघितलं. भिंतीपलीकडे लूम आहेत. ताटातली वाटीसुद्धा थरथरते आमच्याकडे.

१५ फेब्रु.
सकाळी चालायला निघालो. गल्लीत गटार उघडं, पुढे ट्रकांचा रस्ता. धुळीने खोकून परत. वि. म्हणाला, "घरातच गोल गोल फिरतो, तू टाळ्या वाजव." हसून पोट दुखलं. मग रडायलाच आलं, मोरीत जाऊन तोंड धुतलं.
खोली बदलायची. ठरलं.

२२ फेब्रु.
कॅनॉलपलीकडे खोली बघितली. दोन खिडक्या! समोर लिंबाचं झाड, जवळ बाग. घरमालकीण इथे गुजरातेत चक्क मराठी, धुळ्याकडची. "अरे, म्हणजे आपलेच की!" चहा टाकला, माझ्या बांगड्या कुठून घेतल्या विचारलं. मग आडनाव विचारलं. वि.ने सांगितलं.
"अच्छा." चहा दिला, पण आत जाऊन दुसऱ्या कपांतून. मग आठवलं त्यांना, खोली भाच्यासाठी ठेवलीय.
वाटेत वि. म्हणाला, "चहा चांगला होता पण." मी बोललेच नाही त्याच्याशी. त्याच्यावर कशाला राग...

२३ फेब्रु.
बीपी परत वर.

१ मार्च
वि.चा लूमवरचा मित्र येऊन सांगून गेला, दुसरं आडनाव सांगा, भिंतीवरचे फोटो काढा, कोण बघायला येतंय. त्यानेही तसंच केलंय. आता त्याची आई पाहुणे येणार म्हटलं की घाबरते, कुणी 'जय भीम' म्हणून टाकलं तर.
तो गेल्यावर मी म्हणाले, "सांगू या आपणही. मी तयार आहे." खरंच तयार आहे. हा जगला पाहिजे, बाकी काय ते.
वि.ने पुढचं ताट सरकवलं. मग, "रोज दाराकडे बघत जगायचं? अशाने छाती बरी होईल माझी?"
जेवला नाही.

२ मार्च
बाजारातून आले तर भिंत मोकळी. सासूबाईंनी स्वतःच निळ्या कोटातला फोटो आणि बुद्धांचा फोटो उतरवून आपल्या लग्नाच्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेले. खिळ्यांच्या जागी हात फिरवत बसल्या होत्या.
"मना पोऱ्या जगाले पाहिजे," म्हणाल्या. "त्या समजी लेतीन." फोटोतले दोघं समजून घेतील म्हणे.
वि. कामावरून आला, त्याने बघितलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा पडून राहिला. मग उठून दोन्ही फोटो परत लावले. फडक्याने पुसून, तिरके नाहीत ना बघून.

७ मार्च
दुसरी खोली. एक म्हातारे गुजराती काका, एकटे. आधी फोनवरच सांगून टाकायचं ठरलं. वि. बोलत होता, मी पाठीवर हात ठेवून उभी. आडनाव सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत सांगितलं, छातीचंही सांगितलं. (ते कशाला सांगितलं? म्हणाला, सांगायला बसलो तर सगळंच.)
काका म्हणाले, "छोकराने पूछीने कहुं." मुलाला विचारून कळवणार. उद्या सकाळी.
आवाज वाईट नव्हता. पण त्या मालकीणबाईंचाही नव्हता.

८ मार्च, रविवार
वि. म्हणाला, खोली मिळो न मिळो, काकांच्या घराजवळची बाग तर सगळ्यांची आहे. सासूबाईंनी बिनमिठाच्या दशम्या बांधून दिल्या. पहिल्याच बसने आलो. हळूहळू दोन फेऱ्या मारल्या. एक आजोबा उलटे चालत होते, वि.ही त्यांच्यामागे उलटा चालायला लागला. ओरडले मी.
मग बाकावर टेकला आणि माझ्या खांद्यावर झोपला. असा गाढ झोपलेला मी लग्नानंतर बघितला नव्हता. तोंड उघडं. एका हाताने लिहितेय, दुसरा अडकलाय त्याच्याखाली.
फोन माझ्याकडे आहे. आवाज बंद केलाय. काकांचा आला तर दिसेलच.
तोवर झोपू दे.