अंगठीचं बोट

अमरावती,
संक्रांतीची कर, १५ जानेवारी २०२५

प्रिय पौर्णिमा,

अकोटले सासरी सारे मजेत असतील. काल तुझा मेसेज आला, तिळगूळ घे, गोड बोल. लग्नानंतरचा पहिलाच. मोबाईलवर उत्तर देलं तर वाचून पुसून टाकशील, म्हणून कागद घेतला. संक्रांत तर काल झाली, आज कर. आज गोड बोलायचं बंधन नाही.

इकडं वॉटरपोलोच्या पोट्ट्यांचं तेच चालू आहे. बॉल फेकता फेकता अनसूयाचा खांदा पुन्हा निखळला. एका नव्या पोट्टीले कोपर लागलं, कानाचा पडदाच फाटला. वरून पाहणाऱ्याले पाणी दिसते, खालून लाथाच लाथा. नाक नाही मोडलं तर खेळली कुठं, म्हणून आपण दोघी किती हसत होतो व.

माझ्या डोळ्याचं तू विचारलं नाही, मीच सांगते. डाव्या डोळ्यानं आता उजेड अन् अंधार तेवढा समजते. माय अजूनही गावी तिवस्यात सर्वायले सांगते, पोरीले बॉल लागला. त्या सरावाच्या मॅचमंदी तू माझ्यासमोरच होती, तूच तर सरांना ओरडून सांगतलं होतं. मी पण तेच मानलं. डोळा मिटलेला, नाकात पाणी, मले काय दिसत होतं? डॉक्टरनं मुका मार समजून थेंब देले, शेकायले सांगतलं. आठवड्यात बुबुळ पांढरं पडलं.

मंग नागपूरले नेलं. तिथले डॉक्टर भिंगातून पाहून म्हणाले, "हे बॉलचं नाही, नख लागलं आहे. पहिल्याच दिवशी समजलं असतं तर डोळा वाचला असता."

मी म्हटलं, नखं तर पाण्यात उतरायच्या आधी तपासतात. अन् मले आठवलं. सरांसमोर हात करताना तू डाव्या हाताचं एक बोट मुडपलं होतं. मुरगळलं म्हणाली. दुसऱ्या दिवशी तुझा साखरपुडा.

फोटो मी उजव्या डोळ्याजवळ धरून पाहिला. नितेशराव अंगठी घालून राहिले. बाकीची नखं बोडकी, त्या बोटाचं लांब, लाल, टोकदार. माझा डोळा गेला बाई, तुझं नख शाबूत राहिलं.

तुझं नाव कोणालेच सांगतलं नाही. वाटे, तू येशील, जवळ बसशील, म्हणशील, नख होतं साधना. नाही आली. मले तुझा राग येते, लय येते. आठवण पण येते, तिचाही राग येते.

ऐकलं, पुढच्या महिन्यात निवडीच्या मॅचेस खेळायले तू येऊन राहिली. ये. सरांनी मले टेबलावर घेतलं आहे. गोल लिहायले एक डोळा पुरते. पोरींची नखं पण आता मीच तपासते. एकेक बोट हातात धरून डोळ्याजवळ न्यावं लागते, त्याबिगर एका डोळ्यानं अंदाज येत नाही. पोरी घाबरतात, पण हात सोडवून घेत नाहीत.

तुझा हात हाती आला का मी सर्वायसमोर एकच विचारीन, बॉल होता का नख? उत्तर ऐकल्याबिगर हात सोडणार नाही.

अंगठी घरी ठेवून येजो, पाण्यात चालत नाही. अन् बोटं सारी सरळ ठेवजो.

तुझीच,
साधना