चुलीवरचा सर्व्हर

कुंभारवाडा, ता. जोयडा
श्रावण, पाऊस चालूच

आमचे एकुलते एक मेव्हणे, बेळगावनिवासी, संगणकविद्यापारंगत शिवानंदराव यांना गणपती दाजींचा धुरकट नमस्कार.

इकडं सगळं खुशाल हाय. भात लावून झालं, जळवांची पोटं भरली, तुमच्या अक्काची कंबर अजून जाग्यावर हाय. तुमची आणि तुमच्या एसीची तब्येतही बरी असेल असं समजतो. फोन सोडून पत्र लिवायचं कारण एवढंच, की रेंजसाठी टेकाड चढेपर्यंत मला दम लागतो आणि राग निम्मा होतो. हा राग मला अख्खा पोचवायचा हाय.

तुम्ही आमच्या मराठी शाळेला जो सर्व्हर दान दिलात (इंटरनेट नसताना पोरांच्या टॅबवर धडे दावणारी ती काळी पेटी, नारळ तुम्हीच फोडलात, फोटोत मी अर्धा आलोय), तो मागच्या आठवड्यात गप झाला. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण टॅबवर काय दिसंल तर शपथ. तुम्ही म्हणालात, “दाजी, पाच मिनिटांचं काम! वायरनं शाळेचा लॅपटॉप डायरेक्ट सर्व्हरला जोडा आणि सेटिंग करा.” वर हेही ऐकवलंत, की तुमच्याच्यानं जमणार न्हाईच, सोमवारी जीप पाठवून पेटी रामनगरच्या शाळेला देतो, तिथली माणसं शिकलेली हायत. वा रे वा!

आता तुमची पाच मिनिटं ऐका. शाळेचं छप्पर गळतं, म्हणून शाळा समितीचा अध्यक्ष या नात्यानं मी पावसाआधी पेटी घरी आणली. आमच्यात पावसाळ्यात जपायची वस्तू कुठं ठेवतात? चुलीवरच्या माळ्यावर. बियाणं तिथं, आमसुलं तिथं, सुकी मासळी तिथं. धूर लागला की बुरशी न्हाई, वाळवी न्हाई. मग सर्व्हरनंच काय पाप केलंय? पोरं संध्याकाळी टॅब घेऊन ओसरीवर बसायची, धडे माळ्यावरनं खाली उतरायचे, कुणाची तक्रार न्हवती. (पेटीला बांगड्याचा थोडा वास येतो, तेवढं रामनगरच्या शिकलेल्यांना आधी सांगून ठेवा.)

तुम्ही पाठवलेली वायर म्हणजे लंगोटीची नाडी. ती जोडायची तर लॅपटॉपसकट मलाच माळ्यावर जावं लागलं. खाली अक्का भात शिजवतीया, वर मी शिजतोय. शेजारचा उमाजी शिडीखाली उभा राहून विचारतो, “गणपा, वर काय धुंडतोस?” म्हटलं, विद्या.

मग तुमचं ते नंबरप्रकरण. पेटीला एक नंबर असतो, लॅपटॉपला तिच्या शेजारचा नंबर द्यायचा, तरच दोघं बोलतात. दिला. बोलंनात. टेकाड चढून फोन केला, तर तुम्ही म्हणता, “शेजारचाच दिला न्हवं?” म्हटलं, व्हय की! परत माळा, परत टेकाड. शेवटी नंबर वाचून दावायला लावलात आणि खो खो हसलात. अहो, तुमच्या बेळगावात शेजार म्हणजे भिंतीला भिंत, त्यांच्या कुकरच्या शिट्या तुम्ही मोजता. आमचा सख्खा शेजारी उमाजी राहतो ओढ्यापलीकडं, काजूचं रान संपल्यावर. त्या बेतानं मी चांगला ऐसपैस नंबर दिला! शेवटचा आकडा तेवढा एकानं वाढवायचा, हे आधी सांगायला तोंडात काय पान होतं काय?

आकडा घातला, पान उघडलं. तुम्ही सांगितलेलं बटण दाबलं, तर ‘थांबा’ असं आलं. थांबलो. थांबलोच. डोळ्यांची पार वाट लागली. मरू दे ती पेटी म्हणून उतरायला पाय खाली सोडला, तर शिडी गायब! अक्कानं काढून नेलेली. म्हणाली, “पेटी बोलल्याबिगर उतरायचं न्हाई. भाकरी वर पाठवती.” भावाच्या अब्रूवर केवढी ती माया! माझ्यासाठी हिनं कधी पाट हलवला न्हाई. तर तसाच खोकत बसलो, आणि भाकरीच्या आधी पेटी बोलली. ओसरीवर पोरांनी एकच गिल्ला केला.

तर सर्व्हर चालू हाय. पण आम्हां अडाण्यांकडं तो ठेवायचा कशाला? सोमवारी खुशाल जीप पाठवा. मी सोता गोणपाटात बांधून देतो, वर चार आमसुलं घालतो. थोरांना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद.

तुमचा भाजून निघालेला दाजी,
गणपती

ता.क. जीपची तशी घाई न्हाई. रस्ता लई खराब झालाय. दिवाळीनंतर बघू.

ता.क. २. खरं सांगतो. शिडी तुमच्या अब्रूपायी काढलेली न्हवती. पोरं गेली की एक टॅब चुलीपाशी राहायचा, आणि अक्का भाकरी थापता थापता परातीतल्या पिठात बोटानं अक्षरं काढायची. मला वाटायचं, चाळा करतीया. तुमच्या घरात पाटी एकच होती, ती तुम्हाला मिळाली. हिनं तुम्हाला कडेवर घेऊन शाळेत सोडलं आणि ही गुरांमागं गेली. पेटी गप झाली तेव्हा हिची बाराखडी अर्ध्यावर होती. हे मला काल कळलं. लाज वाटली, शिवानंद. खालची ओळ तिची हाय, मी हात लावलेला न्हाई. चुलीपाशी बसून सगळी सकाळ लिवलीया.

शिवा पेटी नेऊ नको. माझं अजून शिकून झालं नाही. अक्का