बिनआवाजाची गाडी

सोमवार, ३ मार्च

माझी डिझेलची म्हातारी गेली! धुलाई केंद्रातल्या सगळ्या गाड्या आजपासून बॅटरीवर. रस्ते तेच, इस्पितळांच्या चादरीही त्याच. मालकीणबाई म्हणाल्या, "दोन आठवडे बघते. ज्यांना जमेल ते चालवतील, बाकीचे चादरींच्या घड्या घालतील." माझ्याकडे बघूनच म्हणाल्या. पासष्टी उलटलेला मी एकटाच. मी आणि घड्या? छे!

बुधवार, ५ मार्च

काय ही शांतता! म्हातारी तळपायांशी बोलायची — गिअर कधी बदलायचा ते आधी पायांना कळायचं. ही मुकीच. इतकं निवांत वाटलं, की शाळेतली नदीची कविता चालीवर म्हटली. मास्तर छडीने टेबलावर ठेका धरायचे. कडवं चुकलं की ठेका पाठीवर! तरी काय दिवस होते...

शुक्रवार, ७ मार्च

गाडी चार्जिंगला लावली आणि माझाच डोळा लागला. फिटर म्हणतो, "काका, गाडी चार्ज करायची, तुम्ही नाही!"

गाडी मागे घेताना वाजणारी घंटी बंद आहे, ते त्याला सांगितलं.

सोमवार, १० मार्च

घंटी अजून बंदच. फिटरवर चिडलो, तर तोच माझ्यावर — "चेष्टा करता का, काका? दोनदा तपासली. किनऱ्या आवाजात ठणाणा वाजतेय!" हल्लीची पोरं! काम टाळायला काहीही सांगतील.

बुधवार, १२ मार्च

इस्पितळाच्या मागच्या दाराशी गाडी मागे घेत होतो. कुणीतरी दाणदाण पत्रा बडवला. ब्रेक दाबूनच दार उघडलं, वाकून पाहिलं. चादरी उतरवून घेणाऱ्या मावशी, लालबुंद. गाडीच्या मागे हातभर अंतरावर कुबड्या घेतलेला पेशंट — बिचाऱ्याला सरकता येईना.

"कधीची ओरडतेय! कान आहेत की भोकं?"

"घंटी बंद आहे हो, मावशी..."

त्या बघतच राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, ती अजून कोकलतेय."

मावशी ऐकू येत होत्या. घंटी नाही.

गुरुवार, १३ मार्च

घंटीचं घरी सांगितलं नाही. कविता आठवेना.

शुक्रवार, १४ मार्च

मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सर्वांत जास्त बॅटरी काकांच्या गाडीत उरते. काका कायम!" टाळ्या. फिटरने तर मिठीच मारली. हिला सांगितलं, तर डोळे पुसत म्हणाली, "मी म्हटलंच होतं, तुम्हाला जमेल."

शनिवार, १५ मार्च

आज किल्ली मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती.