टिटवीची चार अंडी

बा, आज सोंडेवर जाऊन आले. नातवानं गाडीतून नेलं. भंडारदऱ्याच्या पाण्यात घुसलेली आपल्या डोंगराची ती सोंड, तीन बाजूंनी धरण आणि चौथीकडे आपली वाडी. तिच्यावर आता मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी तंबू ठोकलेत. कातळावर खुर्च्या मांडल्यात. तंबूवाला मला म्हणतो, "आजी, बसा, व्ह्यू बघा." मी म्हटलं, "मेल्या, तुझा बाप जन्मायच्या आधीपासून बघतेय." तो हसला. मला मात्र तुझी इतकी आठवण आली की खुर्चीत बसवेना.

तुझ्या वेळी, इंग्रज-जर्मनांच्या त्या लढाईच्या दिवसांत, रॉकेल मिळत नव्हतं तेव्हा, सोंडेचा एकेक तुकडा कशासाठी ते ठरलेलं होतं. माथ्यावरचा कातळ घोरपडींचा. त्याखालचं गवत जनावरांचं. उतारावर नागली, वरई. आणि सगळ्यात खाली, उन्हाळ्यात पाणी हटलं की उघडी पडणारी गाळाची जमीन. ती मूळची आपलीच, धरणाआधी तुझ्या बापाची भाताची खाचरं होती तिथं. तीनेक महिने ती पाण्याबाहेर यायची आणि तेवढ्यात तू तिच्यात मूग पेरून घ्यायचास. "हितं आपला बांध हुता," तू पाय आपटून सांगतोस, "आन् हितं माजी आय भाकर घिऊन बसायची." मला दिसतो नुसता गाळ, त्यात पाणमांजराच्या पावलांचे ठसे आणि कडेला उभे बगळे. तरी मी व्हय व्हय म्हणते. तुझ्याबरोबर चालायला मिळतंय, आणखी काय पाहिजे मला!

गाळातला मूग कधी काढायचा हे सगळी वाडी तुला विचारायची, कारण टिटवीची अंडी तुझ्याएवढी कुणाला सापडत नसत. टिटवीनं उंचावर घातली तर पाऊस वेळेवर आणि दणकून, म्हणजे शेंगा हिरव्या असल्या तरी उपटा. खाली पाण्यापाशी घातली तर पाऊस लांबला, शेंगा खुशाल वाळू द्या. वैशाखात लोक दारात यायचे. "कुठं घातलीत रं यंदा?" तू आधी सावकाश तंबाखू मळायचास, मग तोंड उघडायचास. भाव खायचास, खोटं कशाला बोलू! जमीन पाण्यात गेलेल्या माणसाला तेवढाच काय तो मान होता, आणि तोरा मात्र मी मिरवायची.

त्या वर्षी तू हिवतापानं आठवडाभर अंथरुणात होतास. म्हशी घेऊन मी एकटीच गेले आणि अंडी आधी मला दिसली. चार, ठिपक्यांची, खड्यांत खड्यांसारखी. होती चांगली उंचावर, पण नेमकी म्हशींच्या वाटेत. वरच्या सगळ्या गवतात म्हशी फिरायच्या, कुठंही ठेवली तरी तुडवली असती. रोज थोडी थोडी खाली सरकवत गेले, भोवती नवे खडे मांडून. टिटवी डोक्यावर कलकलाट करायची आणि मी लांब गेले की मुकाट येऊन बसायची. तू बरा होऊन आलास तोवर अंडी गाळाच्या कडेला पोचली होती. तू उकिडवा बसलास, बघितलंस. "लई खाली घातलीत यंदा," म्हणालास. मी म्हशी वळवायला पळाले. संध्याकाळी तू सगळ्यांना सांगितलंस, "घाई करू नका. मिरग कोरडा जानार."

मिरग कोसळला. दोन दिवसांत गाळ पाण्याखाली. बायका कमरेएवढ्या पाण्यात शेंगा ओरबाडत होत्या, आईसुद्धा. तुला कुणी शिवी दिली नाही. पुढच्या वैशाखात मात्र दारात कुणी आलं नाही. तू पडवीत तंबाखू मळत वाट बघत होतास, मळून मळून तिचा भुगा झाला. आई म्हणाली, "टिटवीच चुकली आसंल, जाऊ द्या." तिच्यावर खेकसलास, "टिटवी चुकत न्हाई. माजंच डोळं गेलं." त्यानंतर तू सोंडेवर पाऊल टाकलं नाहीस. गाळाची पेर चुलत्याकडे दिलीस. तीन वर्षांनी माझं लग्न झालं आणि त्याच साली तू गेलास.

बा, तुझे डोळे धड होते रे. टिटवीही बरोबर होती आणि तूही. अंडी मी हलवली होती. एवढं लिहायला माझा जन्म गेला. पन्नाशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकले, तेव्हाच लिहायला हवं होतं, पण कागद धाडायचा कुठं? तुला तर सहीसुद्धा येत नव्हती, अंगठाच होता. आज लिहिलाय, तो उशीखाली राहील.

आईला मरायच्या आधी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माराला भ्याली आसशील, पोरच हुतीस." मी हो म्हटलं. तेही खोटंच. तू कधी बोट लावलं नाहीस मला. मी भ्याले होते ते एवढ्यालाच, की खरं कळलं तर तू मला परत सोंडेवर नेणार नाहीस.